पानं वाळेपर्यंत

झांडवेर, मंगळवार, ९ ऑक्टोबर १९५६
दुपारचे चार वाजून दहा मिनिटे

प्रिय आलेदा आत्या,

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी टेकड्यांकडच्या पट्ट्यात गुडघ्यांवर बसून तण काढत होतो. हात दोनदा धुतले आहेत, तरी घडीत वाळूचा कण सापडला तर माफ करा.

मी रीनस, तुमच्या भावाचा, एव्हर्टचा मुलगा. तुम्ही कॅनडाला गेलात तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि दुसऱ्यांच्या कोठारात फुलांचे कंद सोलायला जात होतो, त्यामुळे तुम्हाला मी फारसा आठवत नसेन. बाबा २८ मे रोजी गेले, ते आईने तारेने कळवलेच होते. तुमचे कार्ड मिळाले. आईने ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवले आहे.

लिहिण्याचे कारण असे. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "आलेदाचं टेकड्यांकडच्या पट्ट्यात आहे." पुढे काही बोलले नाहीत. आईला वाटले तापात बोलले. मला तसे वाटत नाही, कारण त्याच्या आधी त्यांनी कुदळीचा दांडा सैल झाल्याचे सांगितले होते आणि तो खरोखर सैल होता.

आता अडचण अशी की तो पट्टा आपला राहणार नाही. ग्रामपालिका तिथे घरे बांधणार आहे. १ मार्चला पट्टा मोकळा करून द्यायचा, मग त्यावर पुरुषभर वाळू पडणार. म्हणून यंदा तिथे काही लावलेले नाही. तरी मी तो स्वच्छ ठेवतो, कारण लोक येता-जाता बघतात. आज गवत काढले, चाकवत काढला, आणि कुठून कुठून उगवलेल्या निळ्या द्राक्षफुलांचे चार गड्डेही उपटून राशीवर टाकले. तुम्हाला माहीतच आहे, ही फुले एकदा घुसली की कायमची राहतात.

तुमचे काय आहे त्या पट्ट्यात? पेटी असेल तर किती मोठी आणि किती खोल पुरली आहे, तेही कळवावे.

आपला,
रीनस

(शुद्धलेखन अडले तिथे शब्दकोश पाहिला आहे. तरी चूक राहिली असेल तर सांगावे.)

~

हॅमिल्टनजवळून, २४ ऑक्टोबर १९५६

प्रिय रीनस,

मला 'तुम्ही' म्हणायला मी काय ग्रामपालिकेतली कारकून आहे? तुझं नाक मी माझ्या एप्रनला पुसलेलं आहे. पुढच्या पत्रात 'तू' दिसलं नाही तर उत्तर मिळणार नाही. आणि चार वाजून दहा मिनिटं! आमचे हे, तुझे हार्मेनकाका, म्हणाले, "पोरगा रेल्वेत लागलाय का?"

माझं तिथे काही नाही रे. पेटी नाही, पैसा नाही. तापात माणूस काहीही बोलतो. तू उगाच जमीन उकरत बसू नकोस.

पण तुझ्या पत्राच्या घडीत खरंच वाळू निघाली. चार कण. मी ते खिडकीच्या फळीवर ठेवलेत. इथली माती काळी, चिकट, बुटांना धरून घरात येते. आपल्या वाळूसारखी झटकली की गेली, असं नाही.

कंद सोलायला तू जायचास म्हणतोस, तर सांगते. आम्ही दोघं, तुझा बाप आणि मी, जुलैत कोठारात समोरासमोर बसायचो. मी सोळाची, तो तेराचा. माझे अंगठे फुटायचे आणि तो सालं माझ्या केसांत टाकायचा. संध्याकाळी आई माझी वेणी सोडायची तर मांडीवर सालांचा ढीग. ती म्हणायची, "हिच्या डोक्यातच कंद आहेत."

कोठाराच्या वाटेकडेला अजून निळं फुलतं का? माझ्या आजीने लावलेली जुनी द्राक्षफुलं. बाजारात असतात ती नाहीत; ती उंच, गडद, कुठेही रुजणारी. ही बुटकी, गोल मण्यांची, आभाळाच्या रंगाची, आणि प्रत्येक मण्याच्या तोंडाला पांढरी कड. मी इथल्या शेजारणीला सांगितलं, आमच्या वाटेवर निळी द्राक्षं होती, तर ती म्हणाली, "मग दारू करायचात का?" मी हो म्हटलं. समजावत कोण बसणार.

एव्हर्टला जाताना फार त्रास झाला का? ते तू लिहिलं नाहीस.

तुझी,
आलेदा आत्या

~

झांडवेर, रविवार, ११ नोव्हेंबर १९५६
प्रार्थनेहून आल्यावर, सकाळचे साडेअकरा

प्रिय आत्या,

'तू' लिहितो आहे. पहिल्यांदा खाडाखोड झाली, म्हणून कागद बदलला.

बाबांना शेवटचे दोन दिवस श्वासाचा त्रास झाला, आधी नाही. खिडकी उघडी ठेवायला सांगत होते.

वाटेवर निळे फुलत नाही. तिथे सिमेंट आहे. तू गेलीस त्याच वर्षी, शरद ऋतूत, बाबांनी ते घातले. ढकलगाडी चिखलात रुतते असे तेव्हा म्हणाले होते. पण आईला मी काल विचारले, तर ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "त्याला ती वाट बघवत नव्हती." एवढेच.

मग मी आपल्या जुन्या गड्याकडे, क्रेलिसकाकांकडे गेलो. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, तरी रोज येतात आणि काम नसले तर कुंपणाला टेकून उभे राहतात. विचारले, वाटेवरच्या कंदांचे काय झाले? ते म्हणाले, "सिमेंटच्या आधी तुझ्या बापानं काढले." कुठे नेले? "टेकड्यांकडं." टेकड्यांकडे कुठे? त्यावर त्यांनी पाइप पेटवला, तो विझला, परत पेटवला, आणि सांगितले, "ते तुझा बाप एकटाच करायचा. मला लांबून दिसायचा."

म्हणजे बाबा तापात बोलत नव्हते. तुझी द्राक्षफुलेच त्या पट्ट्यात आहेत. मला आठवते त्याप्रमाणे द्राक्षफुलांना शरद ऋतूतच पाने येतात, म्हणून मी रोज बघतो, पण तिथे काहीच हिरवे नाही. वाळू उडू नये म्हणून आम्ही गेल्या आठवड्यात सगळ्या पट्ट्यावर पेंढाही अंथरला आहे. पट्टा ऐंशी पावले लांब आणि सात पावले रुंद आहे. कालव्याच्या टोकाकडून मी खणायच्या दातेरी काट्याने सुरुवात केली आहे. रोज दोन पावले होतात.

एक विचारायचे होते. तू आणि बाबा एकमेकांना कधी लिहीत का नव्हतात? नाताळचे कार्ड नेहमी आई लिहायची. आईला विचारले तर म्हणते, तिलाच विचार.

तुझा,
रीनस

~

हॅमिल्टनजवळून, २९ नोव्हेंबर १९५६

प्रिय रीनस,

आधी काटा खाली ठेव. खरंच ठेव, मग पुढचं वाच.

आजीच्या जुन्या द्राक्षफुलांना शरदात पानं येत नाहीत. येतात ती नव्या जातीला. जुनी जात मार्चपर्यंत जमिनीखाली गुपचूप असते, पण मुळं तिची आत्ताच फुटलेली असतात. काट्याने तुटली तर त्या वर्षी परत येत नाहीत. हे तुला कोणी शिकवलं नसेल. जुनी जात विकायला कोणी ठेवतच नाही आता, तर शिकवणार कोण.

आता दुसरं. तुझं पहिलं पत्र मी काल पुन्हा काढलं. तू लिहिलंस, चार गड्डे उपटले. रीनस, ते एकमेकांपासून किती लांब होते? चौकोनात होते का?

तुझे आजोबा झोपलेल्या कंदांवर कधी पाटी लावायचे नाहीत. पाटी वाऱ्याने पडते, पोरं पळवतात. ते चार कोपऱ्यांवर नव्या जातीचा एकेक कंद लावायचे. सगळं रान उघडं असलं तरी हिवाळाभर ती चार हिरवी पानं उभी असतात, आणि कुदळवाल्याला कळतं, इथे नाही मारायची. आम्हा भावंडांना ते पोटात असल्यासारखं माहीत होतं. एव्हर्टला वाटलं असेल की तुलाही माहीत आहे. बापांना असंच वाटतं.

आणि आता तू विचारलंस ते. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. माझं तिथे आहे.

आम्ही निघालो तो मे महिना होता. बोटीला तीन दिवस होते. पेट्या भरून झाल्या आणि मी कोठाराकडे गेले. वाट निळी झालेली. मी एव्हर्टला म्हटलं, मला यातले मूठभर कंद दे. तो म्हणाला, "आत्ता? पानं हिरवी आहेत." मी म्हटलं, मला माहीत आहे. तो म्हणाला, "हिरव्या पानाचा कंद काढला तर मरतो. पानं वाळेपर्यंत काढायचा नसतो." जसं काही मी ते त्याच्या आधी शिकले नव्हते. मी म्हटलं, मेला तर मेला, माझ्या हातात मरू दे. त्याने कुदळ भिंतीला लावली आणि आत गेला.

मी त्याच्या पाठीमागून ओरडले, "तुला बहिणीपेक्षा वाफा जास्त." सगळ्या गल्लीने ऐकलं असेल. तो रॉटरडॅमला बोटीवर आला नाही. मी कठड्याला उभी राहून शेवटची शिडी निघेपर्यंत बघत होते.

बस. हे मी हार्मेनलासुद्धा पाच वर्षांत नीट सांगितलेलं नाही.

आलेदा आत्या

~

झांडवेर, बुधवार, १२ डिसेंबर १९५६
रात्रीचे जेवण झाल्यावर

प्रिय आत्या,

मला माहीत नाही.

माझी एक वही आहे. तिच्यात मी रोजचे काम लिहितो, हवामानही लिहितो. ९ ऑक्टोबरच्या पानावर असे आहे: "टेकडीपट्टा. तण पूर्ण. द्राक्षफुले, गड्डे ४, उपटले. वारा नैर्ऋत्य." पावले लिहिलेली नाहीत. पट्ट्याच्या मध्यापासून पुढे, एवढे आठवते. चौकोनात होते की नव्हते, हे आठवायला गेलो की कधी चौकोन दिसतो, कधी नाही, आणि आता मी मनाने काय घालतो आहे तेच कळत नाही. तण काढण्यात माझा हात चांगला आहे, असे बाबा एकदाच म्हणाले होते.

राशीवर शोधले. ती कंपोस्टाच्या खड्ड्यात गेली आहे.

मी काल ग्रामपालिकेत गेलो. काय बोलायचे ते घरून कागदावर लिहून नेले होते. मार्चच्या शेवटापर्यंत थांबलात तर बरे होईल, तोवर पाने दिसतील, असे सांगितले. तिथल्या माणसाने विचारले, माल किती आहे? मी म्हटले, माहीत नाही, मूठभर असेल. त्याने चष्म्यावरून बघितले. तो वाईट बोलला नाही. म्हणाला, "बाळा, वाळूच्या होड्या ठरल्यात. चाळीस कुटुंबं खोल्या वाटून राहतायत." ते खरेच आहे. आमच्याच गल्लीत क्रेलिसकाकांची नात लग्न होऊन दीड वर्ष सासूच्या माळ्यावर राहते.

खणणे बंद केले आहे. खणलेल्या भागात काही नव्हते, एवढे तरी बरे. ऐंशीपैकी बावीस पावले झाली होती.

आत्या, चूक माझी आहे. तुझे आणि बाबांचे जे राहिले होते ते मी तण समजून उपटले.

रीनस

~

हॅमिल्टनजवळून, ५ जानेवारी १९५७

प्रिय रीनस,

जाऊ दे. कंद आहेत, माणूस नाही. तू स्वच्छ रान ठेवलंस, हा काही गुन्हा नाही. चाळीस कुटुंबांना घरं मिळतायत, ही चांगलीच गोष्ट आहे, आणि कोणाच्या तरी परसात वाळूखाली आजीचे कंद असतील. असू देत.

मी ठीक आहे. इथे कमरेइतका बर्फ आहे. आईला नमस्कार. आता वसंतात दुसरं काहीतरी लिही.

आलेदा आत्या

(कडेला वेगळ्या, मोठ्या अक्षरात :) हिला न सांगता लिहितोय. पाकीट चिकटवायचं काम माझं असतं. ती ठीक नाही. ते वाळूचे चार कण फळीवरून पुसले गेले म्हणून परवा रडली. पोरा, शोध. हार्मेनकाका.

~

झांडवेर, मंगळवार, १९ फेब्रुवारी १९५७
सकाळचे सहा, कामाला जाण्याआधी

प्रिय आत्या,

सापडले.

क्रमाने लिहितो, नाहीतर काहीतरी राहील. हिवाळा सौम्य गेला. शनिवारी दुपारी दोन वाजता क्रेलिसकाका आणि मी पट्ट्यावरचा पेंढा ओढायला लागलो. पेंढा ढकलगाडीत भरून क्रेलिसकाका निघून जायचे, आणि मी मागे गुडघ्यांवर बसून उघडी वाळू बघायचो. त्रेपन्नाव्या पावलाशी मला गवत दिसले. दोऱ्यासारखे, बोटभर, पेंढ्याखाली राहून पिवळट पडलेले. हात सवयीने पुढे गेला. चिमटीत धरले आणि थांबलो, कारण गवत मधोमध खोलगट नसते. हे होते.

ते द्राक्षफुलांचे पान होते. मी ऑक्टोबरमध्ये गड्डा उपटला तेव्हा त्याला लागलेली बारीक पिले जमिनीतच सुटून राहिली होती. सगळी कधी निघत नाहीत. मी तुला पहिल्या पत्रात स्वतःच लिहिले होते की ही फुले एकदा घुसली की कायमची राहतात. मी चांगले तण काढले नव्हते, आत्या. देवाचे आभार.

मग मी गुडघ्यांवरच फिरलो. दुसरे पान सव्वा पावलावर, तिसरेही. चौथे दिसेना. क्रेलिसकाका आले, त्यांनी पाइपच्या दांडीने दाखवले, "गुडघा उचल." चौथे माझ्या गुडघ्याखाली होते.

मधोमध मी हाताने वाळू सारली. चार बोटांवर पहिला कंद लागला. टोकाला भाताच्या शितासारखा कोंब आला होता. परत झाकला.

काढायचे नाहीत, हे मला आता माहीत होते. म्हणून आम्ही सगळा चौकोनच कापला, हातभर खोल, आणि जुने दार खाली सरकवून मातीसकट उचलला. त्याला चार माणसे लागली. आई चौथी होती. वाटेवर पोहोचल्यावर ठेवायचे कुठे हा प्रश्न आला, तेव्हा आई आत गेली आणि घण घेऊन आली. म्हणाली, "फोड. सहा वर्षं मी यावर घसरतेय." सिमेंटच्या कडेची पट्टी फोडली आणि चौकोन तिथे बसवला. घणाचा दांडा तुटला, तो क्रेलिसकाकांचा होता.

आता मुख्य. कोठारातल्या कपाटाचा तळचा खण मी कधी उघडला नव्हता, तो फुगून बसला होता. काल क्रेलिसकाकांनी त्याला लाथ घातली. आत कापडी पिशवी होती, न वापरलेली, तोंडाला दोरी. तिच्यावर बाबांच्या अक्षरात तुझे नाव आणि कॅनडाचा पत्ता. शाई फिकी झाली आहे, म्हणजे जुना आहे. खणाच्या आतल्या फळीवर खडूने आकडे: ३१, ४४, ६३, ९०, १२७. मी विचारले हे काय. क्रेलिसकाका कधी नव्हे ते सलग बोलले. त्यांचे शब्द तसेच लिहितो:

"दर जुलैत काढायचा, मोजायचा आणि परत लावायचा. मी म्हटलं, पाठव की आता. तर म्हणाला, अजून कमी आहेत. दोनशे होऊ देत. बहिणीला मूठभर कसे पाठवू?"

कामावर जायची वेळ झाली.

तुझा,
रीनस

~

हॅमिल्टनजवळून, ४ मार्च १९५७

रीनस,

पत्र हार्मेनने वाचून दाखवलं, कारण मला मधेच दिसेना.

मूठभर. मी मागितले मूठभर, आणि त्या गाढवाला मूठभर द्यायची लाज वाटली. मला तर दोन कंदसुद्धा चालले असते. नुसतं पिशवीवरचं नाव चाललं असतं.

आईला सांग, घण चांगला मारलास.

आत्या

~

झांडवेर, १४ एप्रिल १९५७, झावळ्यांचा रविवार
सकाळचे पावणेआठ, वाटेवर उकिडवा बसून, लिहायची फळी मांडीवर

प्रिय आत्या,

फुलले आहेत.

तू सांगितलेस तसेच आहेत. बुटके, गोल मणी, तोंडाला पांढरी कड. मी चौदा वर्षे या वाटेवरून गेलो आणि कधी वाकून बघितले नव्हते. आज सकाळी वास घेतला. पिकलेल्या आलुबुखारासारखा येतो, पण अगदी जवळ गेल्यावरच. लोक चर्चला जाताना थांबतात. एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई, ही अजून आहेत?" आणि आपल्या नवऱ्याला हाका मारून परत बोलावले.

पट्टा गेला. १ मार्चला ताबा देताना, किल्ली नव्हती म्हणून फाटकाची कडीच काढून दिली. आता तिथे वाळूचा डोंगर आहे आणि पोरे त्यावरून घसरतात.

आता विचारायचे ते. क्रेलिसकाकांची नात, माळ्यावर राहणारी, नवऱ्याबरोबर कॅनडाला निघाली आहे. घरे होईपर्यंत थांबायला ते तयार नाहीत. बोट १० मे रोजी रॉटरडॅमहून सुटते आणि ते दोघे तुझ्या गावापासून वीस मैलांवर राहायला जाणार आहेत. ती म्हणाली, ओल्या फडक्यात गुंडाळून दे, कपड्यांत लपवून नेते, बंदरावर कोण बघतो.

पाने हिरवी आहेत. बाबा काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. पण तू सहा वर्षे थांबली आहेस आणि बाबा ते द्यायच्या आधी गेले. म्हणून हे मी ठरवणार नाही. तू म्हणशील तर हिरव्या पानांसकट, मूठभर काढून देतो. काही मरतील, काही जगतील. ८ तारखेपर्यंत कळव. पत्र विमानाने पाठव किंवा तार कर, शब्दांचे पैसे मी भरतो.

रीनस

~

हॅमिल्टनजवळून, २३ एप्रिल १९५७

प्रिय रीनस,

तार करणार होते. हार्मेन डोक्यावर टोपी घालून दारात उभे होते, "काय लिहू सांग" म्हणत. मी दोनदा सांगितलं आणि दोनदा परत बोलावलं. शेवटी ते टोपीसकट खुर्चीत बसले.

मग मी बाहेर गेले. आमच्या घराच्या दक्षिणेला भिंतीशी एक जागा आहे. गेल्या आठवड्यात बर्फ गेला. तिथली काळी माती मी खणली आणि तीन गाड्या नदीची वाळू मिसळली. हार्मेन म्हणतात, चांगली जमीन बिघडवलीस. खणता खणता मला तुझा बाप दिसला, भिंतीला कुदळ लावताना. त्या दिवशी मला वाटलं होतं, त्याने पाठ फिरवली. आता वाटतं, मी रडताना त्याला बघवलं नसेल.

त्या मुलीला म्हणावं, माझ्याकडे ये, जेवायला ये, वाटाण्याचं सूप करते. पण हात मोकळे घेऊन ये.

पानं हिरवी आहेत, रीनस. हिरव्या पानाचा कंद काढायचा नसतो. पानं वाळू देत. पिवळी झाली तरी थांब, ओढल्यावर आपोआप हातात येतील तेव्हाच काढ. मग सावलीत वाळव. तपासणीचा दाखला घे, लपवाछपवी नको, एव्हर्टला ती आवडली नसती.

मी थांबते. मला येतं थांबायला. आम्ही कंदवाल्यांची पोरं.

तुझी,
आत्या

~

झांडवेर, मंगळवार, ३ सप्टेंबर १९५७
सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे, टपाल कचेरीतून आत्ताच आलो

प्रिय आत्या,

पार्सल गेले. पावती समोर आहे.

पाने २० जूनला पिवळी झाली. ४ जुलैला मी एक ओढून बघितले, आले नाही. ११ जुलैला आले. त्या दिवशी काढले. क्रेलिसकाका कुंपणाला टेकून बघत होते, मी त्यांना आत बोलावले. आम्ही दोघांनी आणि आईने कोठारात बसून सोलले. आईने सालांची चिमूट माझ्या केसांत टाकली. मी तिला तुझे पत्र वाचून दाखवले होते, म्हणून असेल.

जवळजवळ आठ आठवडे जाळीवर, सावलीत वाळवले. तपासणीचा माणूस आला, त्याने भिंग लावून बघितले आणि विचारले, "ही जात तुमच्याकडे कशी?" मी म्हटले, पणजीने लावली. दाखला त्याने लगेच दिला. पिशवी बाबांचीच आहे. पत्त्यावर मी शाई फिरवली नाही, फिका आहे तरी वाचता येतो. वर खोक्यावर माझ्या अक्षरात मोठा लिहिला आहे.

लावताना कंदाच्या तिप्पट खोल, आणि हिवाळ्याआधी पाणी एकदाच, हे तुला मी सांगणे म्हणजे गंमतच आहे, तरी लिहिले. चार कोपऱ्यांसाठी नव्या जातीचे चार कंद वेगळ्या कागदात आहेत. कागदावर "उपटू नये" असे लिहिले आहे. ते हार्मेनकाकांसाठी.

बाबांच्या खणातल्या फळीवर १२७ च्या खाली मी या वर्षीचा आकडा खडूने लिहिला. हिशेब खाली देतो. पैसे पाठवू नकोस.

दाखला: १ गुल्डन ७५ सेंट
टपाल, बोटीने: ३ गुल्डन ४० सेंट
दोरी: १५ सेंट
लाकडाचा भुसा, खोके, पिशवी: काही नाही
एकूण खर्च: ५ गुल्डन ३० सेंट

देणे, क्रेलिसकाकांना, घणाच्या दांड्याचे: ९० सेंट. ते घेत नाहीत, म्हणून अजून देणेच धरले आहे.

देणे, आलेदा आत्याला:
बाबांनी ठरवलेले कंद: २००
पाठवले: १८८
बाकी: १२

बाकीचे बारा वाटेवर परत लावले आहेत. आत्ता ते तांदळाच्या दाण्याएवढे आहेत. तीन वर्षे लागतील.